सासऱ्याच्या फळीची बंदूक

"आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही," असं म्हणून मोमिरने पुढ्यातला पेला बाजूला सारला, आणि ग्राबोवित्साच्या शिकारी मंडळाने एकमताने मान डोलावली. मोमिरच्या गोष्टींचा गावाला जुना अनुभव होता. हे पहिलं वाक्य नेहमी खरं निघायचं. पंचाईत व्हायची ती पुढच्या वाक्यांची.

पण आज ऐकणं भाग होतं. मंडळाच्या लाकडी घराबाहेर गवतावर रानडुक्कर पडलं होतं, रिवाजाप्रमाणे त्याच्या तोंडात शेवटचा घास म्हणून हिरवी डहाळी खोचली होती, आणि त्याला पाडणारी गोळी मोमिरच्या जागेवरून सुटली हे सगळ्यांनी कानांनी ऐकलं होतं. डोळ्यांनी पाहणारे दोघेच. एक मोमिर आणि दुसरा त्याचा सासरा ओब्राद, जो आत्ता चुलीजवळची उबेची खुर्ची बळकावून डोळे मिटून पाव चावत होता.

मोमिर दमलेला दिसत होता. यात विशेष काही नाही, तो लग्नातसुद्धा दमलेलाच दिसत होता, फोटो आहे. पण आज त्याच्या चेहऱ्यावर जो शीण होता तो एका दिवसाचा नव्हता, सबंध एका बंदुकीचा होता. आणि मोमिरला गोष्ट मधूनच सुरू करता येत नाही. त्याच्या चालीने ऐकायची म्हटली तर कढईतला रस्सा आटून करपेल. तेव्हा त्याचे उसासे गाळून तेवढा भाग आम्हीच सांगतो.

मोमिर पाणीपुरवठा कचेरीत मीटर वाचण्याच्या खात्यात आहे, आणि ओब्रादच्या घरी घरजावई आहे. यातल्या पहिल्या गोष्टीमुळे गाव त्याच्यावर वैतागलेलं असतं आणि दुसरीमुळे गाव त्याला हसतं. सगळ्या सर्बियात घरजावयाला जो मान आहे तोच मोमिरला होता, म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा थोडा कमी. घर ओब्रादचं, अंगण ओब्रादचं, द्राक्षाचा मांडव ओब्रादचा. एकदा मोमिरने भिंतीत खिळा ठोकला, तर म्हाताऱ्याने येऊन शांतपणे विचारलं होतं, की भिंत माझी आहे हे मला ठाऊक आहे, पण खिळा कुणाचा? खिळाही ओब्रादच्याच डब्यातला निघाला. देसांका, म्हणजे मोमिरची बायको, हिच्याबद्दलही पाहुण्यांसमोर ओब्राद 'माझी मुलगी' म्हणे, 'त्याची बायको' कधीच म्हणत नसे. सबंध घरात मोमिरचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर ते त्याचा दात घासायचा ब्रश.

अशा माणसाला काकाची बंदूक वारसाहक्काने मिळाली.

तिहोमिरकाका डोंगरात एकटा राहायचा. जाताना त्याने जमीन देवळाला दिली, गाय शेजारणीला दिली आणि बंदूक पुतण्याला. बंदूक लष्करी होती, मोठ्या लढाईच्या वेळची. नळीच्या टोकापर्यंत लाकडाने मढवलेली आणि वजनाला एवढी, की हिने माणूस मारायला गोळीची गरज नाही, नुसती अंगावर पडली तरी पुरे. काकामागे ती पोलीस चौकीत जमा होती; मोमिरने ती तिथे पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. एवढी मोठी, एवढी निरुपयोगी आणि सर्वस्वी आपली अशी वस्तू त्याला आयुष्यात मिळाली नव्हती.

अर्थात 'आपली' म्हणायला परवाना लागतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी अक्षरं वाचून घेतली, कानांच्या डॉक्टरांनी पाठीमागून कुजबुजून पाहिलं. मनाच्या डॉक्टरीण बाईंनी त्याला झाडाचं चित्र काढायला लावलं आणि तुम्हाला घरी कधी राग येतो का असं विचारलं. मोमिर खरं बोलला. म्हणाला, यायला हरकत नाही, पण बसायला जागा नाही. बाईंनी पुष्कळ वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

मग हवालदार ग्वोझदेन चौकशीला घरी आला. माणूस भांडखोर आहे का, पितो का, कोणाला धमक्या देतो का, हे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना विचारायची पद्धत आहे. ग्वोझदेन स्वतः शिकारी मंडळाचा सभासद, मोमिरला पोरवयापासून ओळखणारा, पण पद्धत म्हणजे पद्धत. त्याने टोपी नीट करून ओब्रादला विचारलं, की या माणसाच्या हाती शस्त्र देणं धोक्याचं आहे का.

"याच्या हातात तोफ दे," ओब्राद म्हणाला, "शेजारी निवांत झोपतील."

ग्वोझदेनने 'धोका नाही' असं लिहून घेतलं. मोमिरला परवाना मिळाला आणि अब्रू गेली, दोन्ही एकाच ओळीत.

त्यानंतर लोखंडी कपाटाचं प्रकरण झालं. बंदूक भिंतीला जखडलेल्या कपाटातच ठेवली पाहिजे असा कायदा आहे, आणि भिंत कुणाची हे वर आलंच आहे. ओब्रादने घरातल्या सगळ्या भिंतींचा विचार केला आणि कोठीतली, आंबवलेल्या कोबीच्या पिंपामागची तेवढी दिली. तेव्हापासून मोमिरने कपाट उघडलं की आधी कोबीचा भपकारा यायचा आणि मग बंदूक दिसायची. काही दिवसांनी कपाटाबाहेर काढली तरी बंदुकीला तोच वास येऊ लागला.

पहिल्या रविवारी तो ती घेऊन मंडळाच्या मैदानावर गेला. मंडळाचे अध्यक्ष दंतवैद्य आहेत, त्यांना तोंड उघडलेलं माणूस पाहायची सवय आहे, पण त्या दिवशी त्यांचंच उघडं राहिलं. कुठला खंदक जिंकायला निघालास, असं त्यांनी विचारलं. लोक हसले. शिकारीच्या बंदुकीचं लाकूड अर्ध्यावर संपतं, गालाला टेकायला जागा असते, हातात धरली तर अंगाचाच भाग वाटते, आणि तुझी ही म्हणजे तुळई आहे, असं ते दातांबद्दल बोलतात तितक्याच दुःखाने म्हणाले. लोखंड उत्तम आहे. लाकूड बदल. हिला माणसात आण.

मोमिरच्या मनाने घेतलं. नवा दस्ता बसवायचा, रानात न्यायची, निशाणबाजीला न्यायची, आणि लोकांनी म्हणायचं, ती बघा मोमिरची बंदूक. एवढीच हाव होती. माणूस याहून मोठ्या हावेने कमी दमतो.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारचा स्रेदोये, निवृत्त बसचालक, कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला की लाकूड अक्रोडाचंच हवं, तेही बुंध्याजवळचं आणि चंद्र उतरत असताना तोडलेलं. खाटीक म्हणाला, तेल जवसाचं लाव, पण आधी डुकराची चरबी. न्हाव्याने तर फळी मेंढ्यांच्या लेंडीखताखाली पुरून ठेवायला सांगितली, रंग धरतो म्हणाला. यातल्या एकाकडेही बंदूक नव्हती आणि न्हाव्याकडे तर मेंढीसुद्धा नव्हती. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं पाहिजे.

"ओलं लाकूड आज इकडे वळतं, उद्या तिकडे," स्रेदोये म्हणाला. "डुक्कर समोर उभं, आणि गोळी तुझ्या कचेरीत."

मोमिरने वाळलेल्या अक्रोडासाठी तालुका पालथा घातला. एका वखारीत होतं, पण त्याची किंमत देसांकाने ऐकली आणि तिने नुसतं खिडकीच्या विटक्या पडद्यांकडे पाहिलं. विषय संपला.

आणि मग, पाण्याची मीटरं वाचत गल्लीतून जाताना, भर दुपारी, मोमिरला आपल्याच घराचा माळा आठवला.

माळ्यावर अक्रोडाच्या फळ्या होत्या. रुंद, जाड, गोणपाटाखाली वर्षानुवर्षं वाळलेल्या. त्या ओब्रादच्या शवपेटीच्या होत्या. यात लपवाछपवी काही नव्हती, त्या वयाची सगळीच माणसं आपापली सोय करून ठेवतात. कोणी सदरा ठेवतो, कोणी मोजे, ओब्रादने घरामागचा अक्रोड तोडून फळ्या ठेवल्या होत्या. दर शरदात तो माळ्यावर चढायचा, फळ्या उलट्या करायचा, म्हणजे वाकू नयेत, आणि घर भाड्याने द्यायला तयार झाल्यासारखा समाधानी चेहरा करून खाली यायचा.

चोरी करणं मोमिरच्या स्वभावात नव्हतं. पण हिशेब करणं होतं. पाणीपुरवठ्यात किती नळ लागेल आणि किती शिल्लक आहे याचाच विचार दिवसभर चालतो. त्याच्या लक्षात आलं, की म्हाताऱ्याने फळ्या कापवल्या तेव्हा तो चांगला उंचपुरा होता आणि आताशा तो आटत चालला आहे. म्हणजे आखूड माणसाला तेवढ्याच फळ्या लागण्याचं कारण नाही. ही शुद्ध मापाची गोष्ट होती. दुपारी ओब्राद पडवीतल्या बाकावर झोपला होता, तेव्हा मोमिर घडीची मोजपट्टी घेऊन गेला आणि टाचेपासून टाळूपर्यंत त्याने सासरा मोजला.

नेमकी तेव्हाच देसांका धुणं घेऊन आत आली. झोपलेल्या बापाला पट्टी लावून उभा असलेला नवरा तिने पाहिला. मामांना नवा पायजमा घ्यावा म्हणतोय, असं मोमिर म्हणाला. देसांका काही न बोलता धुणं घेऊन परत गेली, आणि मोमिरने ते तिची संमती म्हणून धरलं. लग्न झाल्यापासून त्याला मिळालेल्या सगळ्या संमत्या याच प्रकारच्या होत्या.

हिशेबाने एक फळी जास्त ठरली.

ती त्याने पांढऱ्या चादरीत गुंडाळली आणि मागच्या गल्लीने वुकाय्लो सुताराकडे नेली. वुकाय्लो दारं-खिडक्या करतो, हौशी लोकांना बंदुकीचे दस्ते करून देतो, आणि शवपेट्याही करतो. शिवाय निधनाची पत्रकं छापून गावभर डकवण्याचं कामही त्याच्याकडेच आहे, म्हणजे लोकांना दोन ठिकाणी जावं लागत नाही. वुकाय्लो घरी नव्हता. त्याची बायको मिलुंका होती. मोमिर चादर सांभाळत धापा टाकत उभा राहिला, घाम पुसताना रुमाल डोळ्यांवरूनही फिरला, आणि तो हलक्या आवाजात म्हणाला :

"ओब्रादमामांची फळी आहे. मापं उद्या आणून देतो. गवगवा नको."

आणि निघून गेला.

आता यात मिलुंकाचं काय चुकलं, हे आजवर कोणाला सांगता आलेलं नाही. ओब्रादच्या फळ्या तिच्याच नवऱ्याने रंधा मारून दिल्या होत्या, तिने लाकूड ओळखलं. त्यांच्या धंद्यात आधी फळी येते, मग मापं येतात, आणि आणणारा डोळे पुसत असतो. वुकाय्लो आल्यावर तिने त्याला सांगितलं. वुकाय्लो हळहळला आणि कामाला लागला, कारण शेजारच्या गावातल्या सुतारापेक्षा आपली पत्रकं आधी लागतात हा त्याचा अभिमान. शिकारी मंडळाच्या जुन्या फोटोतून ओब्रादचं डोकं कापून घेतलं, काळी चौकट टाकली. सकाळी गावातल्या प्रत्येक विजेच्या खांबावर ओब्राद होता.

ओब्राद सकाळी पाव आणायला जातो. बेकरीच्या दारावर त्याने स्वतःला पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. इतक्यात स्रेदोये येऊन शेजारी उभा राहिला, त्याने टोपी काढली, मोठ्याने मजकूर वाचला आणि उसासा टाकला.

"चांगला माणूस होता," स्रेदोये म्हणाला.

"कुणासाठी?" ओब्रादने विचारलं.

स्रेदोये खाली बसला. पायरीवरच बसला म्हणून बरं, नाहीतर वुकाय्लोला त्याच दिवशी दुसरंही काम मिळालं असतं.

ओब्राद पाव आणि एक सोललेलं पत्रक घेऊन घरी आला, तोवर अंगणात माणसं जमू लागली होती. समाचाराला येताना कॉफी, साखर, एखादी राकिया दारूची बाटली आणायची रीत आहे, आणि एवढं घेऊन आलेल्या माणसाला रिकाम्या हाती परत कसं जाता येणार? देसांका हुंदके द्यावेत की चहा ठेवावा या विचारात दारात उभी होती. ओब्रादने मांडवाखाली खुर्ची टाकून घेतली आणि येणाऱ्या प्रत्येकाकडून आपल्याच मरणाची भेट स्वीकारली. आणलंय ते तिथे ठेवा, बसा, आणि माझ्याबद्दल वाटेत काय बोलत होतात ते सांगा, असं तो म्हणायचा. दुपारपर्यंत त्याने स्वतःबद्दल इतकं चांगलं ऐकलं, की त्याचा रंग सुधारला. तक्रार त्याची एकच होती. पत्रकात दुःखी कुटुंबीयांमध्ये जावयाचं नाव मुलीच्या आधी छापलं होतं.

"मी मेल्यावरसुद्धा हाच पुढे," तो म्हणाला. मग त्याला सुचलं, की वुकाय्लोसारखा माणूस विनाकारण असं करणार नाही, आणि तो उठून माळ्यावर गेला.

मोमिर त्या वेळी वुकाय्लोकडे होता. खुलासा करून, खांबांवरचे सासरे सोलून काढून, तो घामाघूम झाला होता. वुकाय्लो इतका शरमला होता, की चुकीची भरपाई म्हणून त्याने मोमिरचं बोलणं संपायच्या आत खरं काम सुरू केलं. फळीवर दस्त्याचा आकार आखला आणि करवत घातली. मोमिर थांब म्हणाला, पण करवतीचा आवाज मोठा होता. मोमिरच्या आवाजाबद्दल तर बोलायलाच नको.

तो घरी आला तेव्हा ओब्राद शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसला होता. अंगणात माणसं होती.

"जावईबापू," ओब्राद म्हणाला, "माझी एक बाजू उघडी पडली आहे."

मोमिरने हिशेब सांगितला. तुम्ही पूर्वीपेक्षा आखूड झालात, पट्टी लावून खात्री केली, उरलेल्या फळ्यांत सगळं नीट बसतं, असं तो अगदी कचेरीतल्या आवाजात म्हणाला. लोकांच्या अंगावर काटा आला. जिवंत माणसाला झोपेत मोजणं म्हणजे काय, हे मोमिरला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं, आणि ते त्याला फार उशिरा कळलं.

ओब्राद ओरडला नाही. ओरडला असता तर मोमिरला सवयीचं वाटलं असतं. त्याने फक्त निकाल दिला. एकतर फळी परत माळ्यावर जाईल, नाहीतर ते लोखंड माझ्या भिंतीवरून निघेल.

फळी परत जाण्याजोगी राहिली नव्हती. कापलेलं लाकूड मोमिरने त्याच चादरीतून आणलं आणि टेबलावर ठेवून कोठीकडे वळला, कपाटाचे स्क्रू काढायला. स्क्रू काढता काढता त्याला कळलं, की आपल्याला बंदुकीचं इतकं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की आपलं म्हणून काहीतरी होतं, लोक त्याला हसत का होईना पण 'मोमिरची बंदूक' म्हणत होते, ते गेलं. पिंपाशेजारी उकिडवा बसून तो पुढच्या स्क्रूकडे वळला. कोबीमुळे डोळ्यांना पाणी येतं, हे त्या वेळी सोयीचं होतं.

बाहेर आला तेव्हा ओब्राद लाकडावरून हात फिरवत होता. वुकाय्लोने कापलं होतं तिथे अक्रोडाच्या गडद रेषा धुरासारख्या वर चढत गेल्या होत्या. फळी असताना त्या दिसत नव्हत्या.

"हे असं आत होतं होय," म्हातारा स्वतःशीच म्हणाला. मग मोमिरकडे पाहून : "लोखंड तुझं, लाकूड माझं. बंदूक निम्मी माझी. ते कपाट राहू दे."

मोमिर हो म्हणाला. दमलेला माणूस काय म्हणणार? त्याची एकुलती एक वस्तू घरातल्या बाकी वस्तूंसारखीच झाली, फरक इतकाच की निम्मीच.

पण निम्मा मालक बोलतो मात्र सबंध. बाहेरच्या स्वयंपाकघरात मोमिर लोखंड लाकडात बसवायला लागला की ओब्राद खुर्ची घेऊन समोर. बसवायची रीत अशी, की लोखंडाला काजळी फासायची, ते खाचेत दाबायचं, लाकडाला जिथे काळं लागेल तेवढंच पटाशीने खरवडायचं आणि पुन्हा फासायचं. काजळी ओब्राद चुलीच्या धुराड्यातून काढून आणायचा आणि दिलखुलास फासायचा. बंदूक कमी आणि घर जास्त काळं झालं. देसांकाने बोलणं सोडलं आणि टेबलावरचं कापडही काढून घेतलं. दस्ता किती लांब ठेवायचा यावरून वाद झाला, आणि ओब्रादने कोपर वाकवून आपल्याच हाताला लावून पाहिला. शेवटी मापं म्हाताऱ्याचीच लागली. मोमिरने बंदूक खांद्याला लावली की त्याचाच अंगठा त्याच्या नाकावर यायचा.

मग जवसाच्या तेलाचे हात देणं आलं. तेल वाळायला उबेची कोरडी जागा पाहिजे. मोमिर कचेरीत गेला असताना ओब्रादने दस्ता नेऊन डुकराचं मांस धुरी देऊन वाळवायच्या खोलीत टांगला, मांड्या आणि सॉसेजच्या मध्ये. यापेक्षा चांगली जागा कुठली, असं त्याचं म्हणणं होतं, आणि वाळलं छान यात शंका नाही. लाकूड मधासारखं चमकायला लागलं. अंगाला लावून पाहताच मोमिरला क्षणभर वाटलं, की अध्यक्ष म्हणाले ते खरं होतं. फक्त वास यायचा. आधीच्या कोबीवर आता बेकन चढलं होतं. थोडं पुढे जाऊन नाक लावलं तर संपूर्ण रविवारचं जेवण होतं.

निशाणबाजीच्या दिवशी पहिली गोळी शेजारच्या लक्ष्यावर लागली आणि अध्यक्षांचा एक गुण वाढला. अध्यक्षांनी तो नाकारला नाही. पण पुढच्या गोळ्या लाकडी डुकराच्या आसपास, आणि एक तर पोटातच लागली. लोक हसायचे थांबले. कोणीतरी विचारलं, कुणाची आहे रे बंदूक? मोमिरने तोंड उघडलं, ओब्रादकडे पाहिलं, आणि "घरची आहे" असं म्हणाला.

आणि मग आजचा दिवस उजाडला, हंगामातला शिकारीचा पहिला हाका.

गोष्ट बिघडली ती कुत्र्यांमुळे. सकाळी कुत्री सोडली, ती रानाकडे गेलीच नाहीत. सगळी मोमिरभोवती गोळा झाली आणि बंदुकीकडे तोंड करून बसली. अध्यक्षांचा म्हातारा शिकारी कुत्रा तर दस्ता चाटू लागला. हाकारे खोळंबले, अध्यक्षांनी डोक्याला हात लावला आणि मोमिरला सगळ्यांपासून लांब, ओढ्यापलीकडच्या टेकाडामागे नेऊन बसवलं, जिथे आजवर एकही डुक्कर आलं नव्हतं. ओब्रादही त्याच्यासोबत गेला. परवाना त्याचा केव्हाच संपला होता, पण माझं लाकूड जिथे जाईल तिथे मी जाणार, असं तो म्हणाला, आणि मेलेल्या माणसाशी वाद घालायला कोणी धजलं नाही.

इथून पुढचं मोमिरने सांगितलं तसं.

त्याने घसा खाकरला. दोघं बसलो होतो, म्हणाला, मामा या बाजूला, मी त्या बाजूला. हाकाऱ्यांचे आवाज लांब गेले, मीही पेंगायला लागलो. एवढ्यात झुडुपं हलली. बघतो तर हे धूड, सरळ आमच्यावर येतंय. माझ्याने बंदूक उचलवेना. मामांनी शांतपणे हात पुढे केला, माझा निम्मा भाग दे म्हणाले, माझ्या हातातून बंदूक घेतली, गालाला लावली, एक डोळा मिटला आणि एका गोळीत त्याला लोळवलं. या वयात. बसल्या जागेवरून. उठलेसुद्धा नाहीत.

"आता सांगा, कोणाचा विश्वास बसेल?" मोमिर म्हणाला आणि सासऱ्याकडे पाहून हसला. शेवटी एक चांगलं काम केलं असं त्याला वाटत होतं. लोक ओब्रादकडे वळले, कोणीतरी पेला उंचावला.

फक्त टेबलाच्या टोकाला हवालदार ग्वोझदेनने चमचा खाली ठेवला. चावणं थांबवलं. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती बंदूक दिली तर काय होतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, आणि ग्वोझदेनला तर ते पाठ होतं. बंदूक जप्त होते. ग्वोझदेन वाईट माणूस नव्हता. त्याने मान वर न करता, अगदी नाइलाजाने विचारलं, की मोमिर, तू हे जे सांगितलंस ते खरंच असं घडलं का. मोमिरने बाजूला सारलेला पेला पुन्हा पुढ्यात ओढला. एवढी मोठी गोष्ट सांगताना हा एक छोटा माणूस टेबलाशी बसलाय, हे तो विसरूनच गेला होता. आता खोटं म्हणावं तर सासऱ्याची फजिती, खरं म्हणावं तर बंदूक गेली. त्याने भिंतीला टेकवलेल्या बंदुकीकडे एकदा पाहिलं, जसं स्टेशनवर निरोप देणारा माणूस पाहतो, आणि तो हो म्हणायला निघाला.

"खोटं," चुलीजवळून आवाज आला.

ओब्रादने डोळे उघडले नव्हते. पाव चावून संपवला, मिशा पुसल्या, मग उघडले.

"सगळं खोटं. ग्वोझदेन, चमचा उचल. मी त्या बंदुकीला हात लावलेला नाही." मोमिर मान हलवून त्याला नको नको म्हणत होता, पण म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. "डुक्कर आलं तेव्हा मी झुडुपामागे विजार सोडून बसलो होतो. सकाळची आलुबुखारं. धूड सरळ माझ्यावर आलं, मला उठता येईना. हा मधे येऊन उभा राहिला. पळाला नाही. नाकावर अंगठा आपटत होता तरी पळाला नाही, आणि पाडलं त्याला माझ्या पायांशी. आणि मग तिथेच मला म्हणतो, मामा, कोणाला सांगायचं नाही."

कोणी हसलं नाही. स्रेदोयेला हसू आलं होतं, पण त्याने ते राकियाबरोबर गिळलं.

"म्हणजे डुक्कर पडलं ते तुमच्या दोघांच्या बंदुकीनेच," ग्वोझदेन सावधपणे म्हणाला. "निम्मी तुमची, म्हणतात लोक."

"लोक काय वाटेल ते म्हणतात. मी मेलो असंही म्हणत होते." ओब्रादने ताट पुढे केलं. "लाकूड माझं होतं. बंदूक याची आहे. वाढा आता, गार होतंय."